टाचेखालची उशी आणि नऊ महिन्यांची सबुरी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री गुडघा ठणकत असतो आणि घरातलं कुणीतरी मायेने त्याच्याखाली उशी सरकवतं. लगेच बरं वाटतं. किंचित वाकलेल्या गुडघ्यात साचलेल्या पाण्याला जास्त जागा मिळते, ताण कमी होतो, मूल झोपी जातं. पण ही उशी रोज तिथेच राहिली तर काही आठवड्यांत सांध्यात नको तिथे चिवट ऊती धरू लागते. गुडघा शेवटचे पाच-सात अंश सरळ होईनासा होतो, चाल लंगडी राहते आणि मांडी काही केल्या भरत नाही. म्हणून उशी टाचेखाली ठेवायची. गुडघ्याखाली कधीच नाही.

एसीएल नावाचं गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, तुटून त्याचं ऑपरेशन झालेला पंधरा-सोळा वर्षांचा खेळाडू घरात असेल, तर पुढचे नऊ-दहा महिने हीच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत समोर येत राहते. बरं वाटणं आणि बरं होणं यांचं वेळापत्रक जुळत नाही. पहिल्या महिन्यात पाय सुधारत असतो आणि मुलाला वाटतं काहीच होत नाही. तिसऱ्या महिन्यात पाय आतून नाजूक असतो आणि मुलाला वाटतं आता झालंच. जे आत जुळतंय ते डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही. श्रद्धेची गरज नेमकी इथे पडते, आणि ती रोजच्या कामाला जोडता येते.

सुरुवात टाचेपासून. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून टाचेखाली ठेवायची, म्हणजे पोटरी आणि गुडघा दोन्ही अधांतरी राहतात. गुडघा स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली बसतो. एका वेळी १० मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. मागच्या बाजूला ओढ बसते, ती अपेक्षितच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत पाय दुसऱ्या पायाइतका सरळ व्हावा आणि साधारण ९० अंशांपर्यंत वाकावा, हे पहिलं उद्दिष्ट. मेनिस्कस, म्हणजे गुडघ्यातली कूर्चेची गादी, तीही शिवली असेल तर किती वाकवायचं आणि पायावर किती भार द्यायचा याचे नियम बदलतात. तिथे सर्जनचा शब्द अंतिम.

दुसरं काम मांडी जागी करण्याचं. पाय सरळ ठेवून मांडी आवळायला सांगितली तर पहिल्या आठवड्यात बऱ्याच मुलांची मांडी हलतच नाही. परवापर्यंत ज्या पायाने मैदान गाजवलं तो पाय आता ऐकत नाही, हे बघून कणखर मुलंही हमसून रडतात. यात आळस नाही आणि भित्रेपणाही नाही. सांध्यात पाणी साचलं की मज्जासंस्थाच मांडीच्या पुढच्या स्नायूला, क्वाड्रिसेप्सला, जाणारा हुकूम अडवून धरते. हे मुलाला पहिल्याच दिवशी समजावून सांगायला हवं. ‘जोर लाव ना जरा’ असं म्हणत राहिलं की ते स्वतःलाच दोष देऊ लागतं.

करायचं असं: गुडघ्याच्या वाटीच्या वर तळहात ठेवायचा. गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची आणि मांडी आवळायची. वाटी मांडीच्या दिशेने जराशी वर सरकताना दिसली, हाताखाली स्नायू टणक झाला, की समजायचं हुकूम पोहोचला. ५ सेकंद धरायचं, पूर्ण सैल सोडायचं. असं १० वेळा, दिवसातून पाच-सहा बैठका. आधी चांगल्या पायाने करून बघितलं की मेंदूला आठवण होते. आठवडा उलटूनही वाटी जागची हलत नसेल तर फिजिओ मांडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य करंट देणारं मशीन लावतात, त्याचा चांगला उपयोग होतो.

ज्या घरात प्रार्थना आहे तिथे एक गोष्ट आवर्जून करून बघावी. टाच टेकवून पडून राहायची ती १० मिनिटं प्रार्थनेची ठेवायची. जे नाव जवळचं वाटतं ते घ्यायचं, आणि मांडी आवळायचे ५ सेकंद त्या नामाने मोजायचे. घड्याळाकडे बघत काढलेली दहा मिनिटं संपता संपत नाहीत. नामात ती सरतात, आणि व्यायाम चुकत नाही, कारण प्रार्थना चुकवावीशी वाटत नाही. घरात देवाधर्माचं वातावरण नसेल तर श्वास मोजावेत. परिणाम तोच.

एक पथ्य मात्र पाळायचं: प्रार्थनेला तारीख जोडायची नाही. ‘ट्रायल्सच्या आधी मला बरं कर’ असं मागितलं की ती तारीख उलटल्यावर मुलाच्या मनात दोनच शक्यता उरतात, एक तर देवाने ऐकलं नाही, नाही तर आपणच कमी पडलो. दोन्हींमुळे पोर आतून खचतं. त्यापेक्षा आजच्या दिवसापुरतं मागावं. आजचा व्यायाम नीट होऊ दे, आज दुखण्याला घाबरून मी हात आखडता घेऊ नये, आज मोह झाला तरी धावू नये. आणि मोठ्यांनी पहिल्या काही आठवड्यांत ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ हे वाक्य तोंडातून काढू नये. कितीही खरं वाटत असलं तरी तेव्हा ते लागतं. नुसतं शेजारी बसावं.

सूज घरच्या घरी मोजता येते, आणि ती मोजता यायलाच हवी. पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. मूल पाय सैल सोडून झोपलेलं असताना वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, एक खळगी असते. तळहाताने त्या बाजूने खालून वर मांडीकडे दोन-तीनदा पुसायचं. मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवायचा आणि नजर खळगीवर ठेवायची. पाण्याची लहानशी लाट येऊन खळगी भरली तर सांध्यात पाणी आहे. हात न फिरवताच ती आपोआप भरत असेल तर पाणी जास्त आहे आणि कालचं काम पायाला झेपलेलं नाही. कोरडी राहिली तर पुढे जायला हरकत नाही. फिजिओकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घेतलं की दोन मिनिटांचं काम आहे.

त्यासाठी एक वही करावी. रोज सकाळी सूज, पाय सरळ होतोय की नाही, आणि ० ते १० पैकी दुखणं किती. दर रविवारी वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर मांडीचा घेर, दोन्ही पायांचा, त्याच टेपने आणि शक्यतो त्याच माणसाने मोजलेला. ‘काहीच सुधारणा नाही’ असं म्हणणाऱ्या मुलासमोर तीन आठवड्यांपूर्वीचं पान उघडून ठेवावं. तोंडी धीर देण्यापेक्षा हे आकडे जास्त काम करतात.

कुबड्या कधी सोडायच्या? सरळ पाय वर उचलताना गुडघा लोंबत नसेल आणि चालताना लंगडणं नसेल तेव्हा. दोनाची एक करायची वेळ आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात आणि शरीर दुखऱ्या पायावर झुकतं. लंगडत चालण्यापेक्षा आणखी आठवडाभर कुबडी बरी, कारण लंगडण्याची सवय लागली की ती मोडायला महिना जातो.

या काळात काही गोष्टींत मात्र सबुरी धरायची नाही. पोटरी एकाएकी दुखू लागली, सुजली, गरम लागली, तर रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. छातीत दुखलं किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सी. ताप, टाक्यांतून पू, लाली पसरत जाणं, औषध घेऊनही वाढत जाणारं दुखणं, यांपैकी काहीही असलं तरी फोन उद्यावर ढकलू नये. देवावर भरवसा आहे म्हणून थांबणं इथे धोक्याचं आहे.

आता सगळ्यात कठीण टप्पा, दुसऱ्या महिन्याच्या मध्यापासून चौथ्या महिन्यापर्यंतचा. दुखणं गेलेलं असतं. चाल सरळ असते. मूल जिने चढतं, सायकल मारतं, शाळा-कॉलेजला जातं. बघणारा म्हणतो, ‘अरे, हा तर ठणठणीत दिसतोय!’ आणि तेव्हाच ग्राफ्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये बसवलेला तुकडा, सगळ्यात कमजोर असतो.

त्याचं कारण असं. तुटलेल्या लिगामेंटच्या जागी सर्जन त्याच शरीरातून घेतलेला टेंडनचा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचा, तुकडा बसवतात, बहुधा मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगचा किंवा वाटीखालचा. तो जागेवरून काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आतल्या बऱ्याचशा पेशी मरतात. मग शरीर तिथे नव्या रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी पाठवतं, जुने तंतू मोडतं आणि नवे विणायला घेतं. मोडणं आधी आणि विणणं नंतर, त्यामुळे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला हा तुकडा बसवला होता त्याहून दुबळा झालेला असतो. पुढचं विणकाम वर्षभर आणि त्याहूनही जास्त काळ चालू राहतं. यातलं काहीही मुलाला जाणवत नाही. पाय म्हणतो मी बरा आहे, आणि पायाचं ऐकायचं नाही, एवढंच हातात असतं.

अपघातही कुठे होतात बघा. अंगणात मित्राने चेंडू टाकला आणि सहज पाय गेला. ओल्या फरशीवर घसरला. बस सुटतेय म्हणून चार पावलं पळाला आणि वळला. व्यायाम करताना मूल सावध असतं, व्यायाम संपल्यावर नसतं. म्हणून या सहा-आठ आठवड्यांपुरते घरात ठरलेले नियम असावेत: पळणं नाही, उडी नाही, पाय रोवून वळणं नाही, लहान भावंडांशी मस्ती नाही. मित्रांनाही हे माहीत असावं, म्हणजे नकार देण्याचं ओझं एकट्या मुलावर पडत नाही.

याच काळात जिममधलं काम मात्र जोरात चालू असतं. दोन्ही पायांवर स्क्वॉट, मग एका पायावर, लेग प्रेस, २० सेंटिमीटरच्या पायरीवरून सावकाश खाली उतरणं, पोटरीसाठी टाचा उचलणं, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सोडून. नियम असा की व्यायाम करताना दुखणं १० पैकी ३ च्या वर जाऊ नये, २४ तासांत ते मूळच्या पातळीवर यावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खळगी कोरडी असावी. तसं असेल तर पुढच्या वेळी वजन, संख्या किंवा नवा प्रकार, यांपैकी एकच गोष्ट वाढवायची. एकदम तीन वाढवल्या आणि सूज आली तर दोष कशाचा हे कळायला मार्ग राहत नाही.

खाण्याबद्दल थोडंसं. खेळ बंद आहे म्हणून जेवण तोडणारी मुलं असतात, मुलींमध्ये हे जास्त दिसतं. ही मोठी चूक आहे. ऊती बांधायला ऊर्जा लागते. प्रथिनं दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम धरली तर ५५ किलोच्या खेळाडूला दिवसाला ८८ ग्रॅम लागतात, ती तीन-चार जेवणांत वाटून घ्यावीत. झोप आठ ते दहा तास. मुलीची पाळी सलग तीन महिने आली नाही तर ते खेळाडूंमध्ये चालतंच असं म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावं.

धावणं बहुधा तीन ते चार महिन्यांच्या मध्ये सुरू होतं, तेही तारखेवर नाही. गुडघा पूर्ण सरळ, सूज नाही, एका पायावर बसताना गुडघा आत कोसळत नाही आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ७० टक्के, हे जमलं की सपाट जमिनीवर एक मिनिट जॉगिंग, दोन मिनिटं चालणं, असं सहा ते आठ वेळा, एक दिवसाआड. फक्त सरळ रेषेत. दिशा बदलणं, अचानक थांबणं, उडीवरून एका पायावर उतरणं, हे सगळं बरंच नंतर आणि पायरी-पायरीने.

नऊ महिने का, हा प्रश्न मुलं विचारतात आणि त्यांना नीट उत्तर मिळायला हवं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खेळाला परतणं नवव्या महिन्यापर्यंत जेवढं लांबलं तेवढा गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचा धोका दर महिन्यामागे सुमारे ५१ टक्क्यांनी घटलेला दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका आढाव्यात, खेळात परतलेल्या २५ वर्षांखालच्या खेळाडूंपैकी सुमारे २३ टक्क्यांचं एसीएल पुन्हा तुटलेलं आढळलं, त्याच किंवा दुसऱ्या गुडघ्याचं. चारातला जवळपास एक. हे आकडे घाबरवायला सांगायचे नाहीत. सहाव्या महिन्यात कोच म्हणतील, ‘संघाला गरज आहे, थोडा वेळ तर खेळ’. तेव्हा ‘नाही’ म्हणायला मुलाच्या हातात काहीतरी ठोस असावं म्हणून सांगायचे.

नऊ महिने भरले म्हणून खेळायची परवानगी आपोआप मिळत नाही. मांडीची ताकद यंत्रावर मोजली जाते, आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या होतात: एक लांब उडी, सलग तीन उड्या, रेघेच्या अल्याड-पल्याड तीन उड्या, आणि ६ मीटर अंतर एका पायावर किती वेळात. समजा चांगल्या पायाने १६० सेंटिमीटर आणि ऑपरेशन झालेल्या पायाने १३८ सेंटिमीटर उडी पडली. १३८ भागिले १६०, म्हणजे ८६ टक्के. मर्यादा ९० ची आहे, तेव्हा अजून काम बाकी आहे. यात दोन फसवे भाग आहेत. एक, इतक्या महिन्यांत चांगला पायही ढिला झालेला असतो, त्यामुळे त्याच्याशी तुलना करून आलेली टक्केवारी जास्त दिसू शकते. दुसरा, पुढे झेप घ्यायचं बरंचसं काम खुबा आणि घोटा करतात, म्हणून उडीचं अंतर बरोबरीला आलं तरी मांडी अजून मागे असू शकते. तेव्हा उड्या झाल्या म्हणून ताकदीची चाचणी टाळू नये, आणि उतरताना गुडघा कसा वळतो याचा समोरून व्हिडिओ घ्यावा.

ज्यांची उंची अजून वाढतेय त्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. हाडांच्या टोकांना असलेल्या वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून सर्जन वेगळी पद्धत निवडतात, कधी कधी हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. अशा मुलांना परतायला बहुधा वर्ष लागतं. शेजारच्या संघातला मोठा मुलगा नऊ महिन्यांत खेळला, ही तुलना इथे गैरलागू आहे.

दुखापत एसीएलचीच असते असं नाही. वेगवान गोलंदाजांच्या पाठीच्या मणक्यांना जाणाऱ्या चिरा हा तर सबुरीचा वेगळाच धडा आहे, कारण तिथे ऑपरेशन बहुतेकदा नसतं, फक्त थांबणं असतं. पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी कसोटी पदार्पण केलं आणि त्याच सामन्यात तो सामनावीर ठरला. पुढची कसोटी तो खेळला मार्च २०१७ मध्ये. मधल्या पाच वर्षांतला बराचसा काळ पाठ आणि इतर दुखापतींत गेला. अठरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षं म्हणजे आयुष्यच वाटतं. आज त्याच्या नावापुढे ऑस्ट्रेलियाचं कर्णधारपद लिहिलेलं आहे. सगळ्यांचं असंच होईल असं कुणी म्हणू नये, पण अशी वाट असू शकते हे मुलाला कळलेलं बरं.

भीतीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवं. चाचण्या पास झाल्या, सर्जनने परवानगी दिली, तरी पाय टाकताना मूल कचरतं. याला मोजमाप आहे: एसीएल-आरएसआय नावाची १२ प्रश्नांची प्रश्नावली, ० ते १०० गुणांची, फिजिओकडे मिळते. गुण कमी आले तर मुलाला हिणवायचं नाही. ज्या हालचालींची भीती वाटते त्यांची यादी त्याच्याकडूनच करून घ्यायची, सगळ्यात सोपी खाली, सगळ्यात भयंकर वर. खालून सुरुवात. एक पायरी तीन वेगवेगळ्या दिवशी न कचरता जमली की पुढची. ज्या हालचालीत लिगामेंट तुटलं ती बहुधा सगळ्यात वर असते. तिथे पोहोचायला महिना लागला तरी लागू द्यावा. ‘देव आहे ना पाठीशी, मग घाबरतोस काय’ असं बोलू नये. भीती वाटणं म्हणजे श्रद्धा कमी असणं, असा हिशोब मुलाच्या मनात एकदा बसला की ते भीती लपवायला शिकतं, आणि लपवलेली भीती मैदानावर ऐन वेळी पाय आखडायला लावते.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली, जेवण तुटलेलं, कशातच मन नाही, असं दिसलं तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जगावंसं वाटत नाही असं मूल एकदा जरी म्हणालं तरी त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी. आणि घरच्यांनी ‘गुडघा कसा आहे’ हा प्रश्न दिवसातून एकदाच विचारावा, ठरलेल्या वेळी, वही भरताना. उरलेला दिवस मुलाशी बोलावं, त्याच्या गुडघ्याशी नाही.

परतणं टप्प्याने होतं: आधी धक्काबुक्कीशिवाय सराव, मग पूर्ण सराव, मग मित्रत्वाच्या सामन्यात १५-२० मिनिटं, मग अर्धा सामना. पुढे कायमसाठी फिफा ११+ सारखा, म्हणजे दुखापती टाळण्यासाठी बनवलेला, वॉर्म-अप अंगवळणी पाडावा. साधारण २० मिनिटं लागतात आणि तो आठवड्यातून निदान दोनदा व्हायला हवा. मुलं तो चार आठवड्यांत सोडून देतात, म्हणून संघानेच एकत्र करावा हे उत्तम.

पहिला पूर्ण सामना झाला की त्या रात्री हारजितीवर काय बोलायचं ते बोलावं. सकाळी मूल अंथरुणातून उठायच्या आत पाय सैल सोडायला सांगायचं, आतल्या बाजूने खालून वर पुसायचं, बाहेरून खाली हात फिरवायचा, आणि खळगी बघायची. कोरडी असेल तर वहीत शून्य लिहून परवाचा सराव. लाट दिसली तर दोन दिवस सायकल, आणि टाचेखाली पुन्हा टॉवेलची गुंडाळी.